बैलाएवढी अळी आणि पहिलीचा वर्ग

मी ग्रंथालयात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आदराने बघतो आणि म्हणतो, "मग वाचन दांडगं असेल तुमचं!" इथे माझी फजिती होते. मी ज्या ग्रंथालयात राबलो, तिथल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्लीसुद्धा माझ्याकडे नव्हती. माझा माल वेगळा. तो पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. मुंबईहून आगगाडीने अकोल्यापर्यंत आणि पुढे सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधून वाशीमला. डबा उघडला की आत काळी चकचकीत पट्टी गुंडाळलेली, आणि त्या पट्टीत काय काय मावलेलं! मधमाशा, ज्वालामुखी, आगबोटी, माणसाचं धडधडतं काळीज. शाळेच्या ग्रंथालयाने शैक्षणिक फिल्मा मागवायच्या, मुलांना दाखवायच्या आणि धडधाकट परत धाडायच्या, असं ते काम. आमच्या हायस्कुलात ते करणारा मी एकटा. अख्ख्या तालुक्यात एकटा! हे लिहितानासुद्धा छाती थोडी फुगते आणि लगेच घाबरून खाली बसते, की कुणी म्हणेल, चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस आता दिवाळी अंकात लिहायला लागला.

चौथीनंतर शाळा सुटली हे खरंच आहे. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वडील लवकर गेले, मामाने एका फिरत्या तंबू-सिनेमात चिकटवून दिलं. तंबूबरोबर भटकत वऱ्हाडात आलो आणि वाशीमला मला ताप भरला. तंबूने माझ्यासाठी मुक्काम वाढवला नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी गंगामावशीच्या मळ्यातल्या खोपटात होतो. गंगामावशी म्हणजे गावालगतच्या मळ्यात वांगी, मेथी, मिरच्या पिकवून बाजारात विकणारी माळीण. इतकी माणसं रस्त्याने गेली, तिनेच मला का उचलून आणलं, हे मी पुढे एकदा तिला गहिवरून विचारलं.

"काहून म्हंजे?" ती म्हणाली. "मेथीच्या वाफ्यात पडला होता ना तू! सारी मेथी मोडून राह्यली होती."

काळे मास्तर आमच्या हायस्कुलाचे ग्रंथपाल. त्यांच्या घरची भाजी गंगामावशीकडूनच जायची. एकदा वांगी निवडता निवडता त्यांनी ऐकलं, की खोपटातलं पोरगं सिनेमाचं यंत्र चालवतं. हातातली वांगी तिथेच टाकून ते आत आले. कुणा उदार गृहस्थाने शाळेला फिल्म दाखवायचं छोटं यंत्र भेट दिलं होतं आणि चालवता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे ते ग्रंथालयाच्या कपाटात जाडजूड शब्दकोशांच्या इतमामाने धूळ खात बसलं होतं.

"तुला ठेवून घेतो," मास्तर म्हणाले. "पण ध्यानात धर, ही जागा ग्रंथालयाची नाही, फिल्मांची आहे. मुंबईची संस्था फिल्मा देते तोवर तू. मुंबईने बंद केल्या की तूही बंद."

हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते कायमचं. अकोल्याच्या मोटारीचा भोंगा वाजला की मी हातातलं काम टाकून फाटकाशी धावायचो. डबा आला, की 'यापुढे नाही' असा निरोप आला? परत कोकणात जायचं तर काय तोंडाने जायचं? आणि खरं सांगू का, जायचंच नव्हतं. मला इथे दोन वेळा गरम भाकर मिळत होती आणि लोक मला नावाने हाक मारत होते.

यंत्र हाताने चालायचं. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हातात कागद धरून मास्तरांनी मराठीत लिहून दिलेली माहिती मोठ्याने वाचायची, कारण फिल्म मुकी. तंबूतली फिल्म कापरासारखी भडकायची, शाळांसाठीची मात्र न पेटणारी असे, म्हणून ती वर्गात लावायची मुभा. अडचण एकच, ती म्हणजे दिवा. शाळेत वीज नव्हती. दिवा मोटारीच्या बॅटरीवर लागायचा आणि मोटारीची बॅटरी अर्थातच मोटारीत असायची. अकोल्याची सर्व्हिस दुपारी वाशीमला विसावा घ्यायची, तेवढ्यात रहीमभाई ड्रायव्हर बॅटरी काढून आमच्याकडे आणत. म्हणजे इकडे शाळेत ज्वालामुखी फुटत असायचा, तिकडे अकोल्याचे उतारू लिंबाखाली गाठोड्यांवर बसून आम्हाला शिव्या घालत असायचे.

आता या धंद्याचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. फिल्म दोन तऱ्हांनी मिळे, भाड्याने किंवा विकत. भाड्याने घेतली तर एका बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत. पुस्तकाचं बरं असतं. एकदा आणलं की कुणीही वाचा, शेजाऱ्याला द्या, उशाला घ्या, छापणारा विचारायला येत नाही. फिल्मचं तसं नाही. डब्याच्या झाकणाला आतून अटी चिकटवलेल्या असत. ज्या शाळेने मागवली, तिच्या पटावरच्या विद्यार्थ्यांनी आणि तिच्या शिक्षकांनीच बघायची, बाकी कुणी नाही. तिकीट लावायचं नाही. ठरलेल्याहून जास्त खेळ करायचे नाहीत. दुसऱ्या गावी न्यायची नाही. बरं, विकत घेतली तरी याच अटी! पट्टी तुमची झाली, पण ती कुणाला दाखवायची याचा हक्क त्यांनी जेवढा लिहून दिला तेवढाच तुमचा.

हे मी गंगामावशीला समजावून सांगायला गेलो.

"म्हंजे मी वांगं इकलं," ती म्हणाली, "अन् मंग घेनारनीच्या घरी जाऊन सांगतलं, भरीत कर, पन दिराले वाढू नको?"

"तसंच काहीसं."

"अन् लोक आयकते?"

"ऐकावंच लागतं."

तिने टोपलीतल्या वांग्यांकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. "मले कोनी आंधी सांगतलं नाई बापा!"

शेवटी काळे मास्तरांनी तो गुंता सोडवला. भाड्याने बैलजोडी आणली तर आपलंच वावर वाहायचं, शेजाऱ्याचं नाही, तशी ही फिल्म. हे गंगामावशीला पटलं. मला मात्र अजून एक खंत आहे. इतक्या फिल्मा या हातांखालून गेल्या, पण आज दाखवायला त्यातली एकही माझ्याजवळ नाही. पुस्तक निदान परत करायचं विसरता तरी येतं.

निवड करायची ती आंधळेपणानेच. आधी बघून मागवायची सोय नव्हती. मुंबईची यादी यायची, त्यात प्रत्येक फिल्मची एक ओळ. एकदा भूगोलाच्या मास्तरांसाठी 'पाण्याची रूपे' अशी फिल्म मागवली. आम्हाला वाटलं नदी असेल, ढग असतील, विहीर तरी असेल. दांडा फिरवला तर पडद्यावर परदेशातला डोंगर, सगळा पांढराशुभ्र, आणि पायांना फळ्या बांधून माणसं त्यावरून सरसर घसरत चाललेली. मग मागून एक पोरगं ओरडलं, "बापरे, केवढा कापूस!"

"सरकी काहाडलेला हाय!" दुसरा.

"अन् हे लोक त्याच्यावर पाय देऊन राह्यले!" तिसरा भलताच चिडलेला.

भूगोलाच्या मास्तरांनी घसा फोडून सांगितलं की हा कापूस नाही, बर्फ आहे. पोरांनी ऐकून घेतलं. तास संपल्यावर एका मोठ्या कास्तकाराच्या मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पन येचाले बाया किती लागत असतीन?" काळे मास्तरांनी मुंबईला तक्रार लिहिली, की यात पाणी कुठे आहे? मुंबईचं उत्तर आलं, बर्फ हे पाण्याचंच रूप आहे. मुंबई बरोबर होती. मुंबई नेहमी बरोबर असायची, म्हणून तर तिची भीती वाटायची.

आता मुख्य हकीकत. दुसरी लढाई तोंडावर आली होती त्या सुमाराची. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि काळे मास्तरांनी मोठ्या उमेदीने एक फिल्म मागवली, कपाशीवरच्या बोंडअळीची. अळी बोंडात शिरते कशी, सरकी कशी पोखरते, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटून जाळाव्या कशा, बियाणं उन्हात तापवावं कसं, सगळं तीत होतं. पहिला खेळ लावला. आधी वावर दिसलं, मग एक झाड, मग एक बोंड, आणि मग एकाएकी सबंध पडद्यावर ती अळी! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! तोंड हलवत ती थेट पहिल्या बाकाकडे सरकली. पोरांनी जी किंकाळी फोडली ती बाहेर उतारूंनीही ऐकली. अंधारासाठी खिडकीला लावलेल्या गोणपाटासकट एक पोरगं बाहेर पडलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हायस्कुलात बैलाएवढी अळी आणून ठेवली हाय!

त्या दिवसांत कापसाच्या बाजारात गाड्यांची ही रांग लागलेली असे. आपला नंबर येईपर्यंत गाडीवान तिथेच गाडीखाली झोपायचे, तिथेच चूल मांडायचे. किन्हीराजा गावच्या गाड्याही होत्या, आणि त्यांचे म्होरके किसनराव पाटील, पांढऱ्या मिशांचे, दणदणीत आवाजाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाचं दार उघडतो तर पाटील आपल्या माणसांसह उभे. हातांत काठ्या. एकाजवळ धुरी द्यायला कडुलिंबाचा भारा.

"कुठं हाय थे?" पाटलांनी विचारलं.

"काय?"

"अळी."

काळे मास्तरांनी समजावलं, की अळी नखाएवढीच आहे, यंत्राने ती मोठी दिसते, आहे ते नुसतं चित्र. भारा आणणारा माणूस हिरमुसला. पाटील मात्र हलले नाहीत.

"चित्र तं चित्र. दाखवा."

"नाही दाखवता येत," मी चाचरत म्हणालो. "पटावरच्या विद्यार्थ्यांनाच फक्त. तशी अट आहे. फिल्म मुंबईची आहे."

"फिल्म मुंबईची असन," पाटील म्हणाले. "अळी कोनाची हाय? किन्हीराजाची हाय. आमच्या पऱ्हाट्या खाऊन मोठी झाली थे. आमी पोसली, अन् आमालेच पाहाची बंदी? काहून?"

काळे मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकणावरच्या अटींकडे पाहिलं. अळी कुणाची याबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं.

मास्तर सरळ माणूस. त्यांनी मुंबईला तार केली, की शेतकऱ्यांना दाखवू का? उलट तार आली, नाही, फक्त विद्यार्थी आणि शिक्षक. वर आणखी असं, की संस्थेचे तपासनीस दातारसाहेब वऱ्हाडच्या दौऱ्यावर आहेत, शेवटच्या खेळाला ते जातीने हजर राहतील आणि अट मोडलेली आढळली तर या शाळेला यापुढे फिल्म मिळणार नाही.

यापुढे फिल्म नाही म्हणजे मी नाही. त्या रात्री मी ताटली बाजूला सारली.

"खाय बापा," गंगामावशी म्हणाली. "मुंबई यायची हाय अजून. भाकर आली हाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले ते हसतच. शाळेच्या फाटकाला एक पाटी कित्येक दिवस लटकत होती, 'प्रौढ साक्षरता वर्ग'. सरकारी हुकमाने वर्ग निघाला होता, फक्त त्यात विद्यार्थी नव्हते. "ते पटावर आले की विद्यार्थीच झाले," मास्तर म्हणाले. "अटीत वयाचा उल्लेख कुठे आहे?" हेडमास्तर म्हणाले, "करा, पण मला यातलं काही ठाऊक नाही." पाटील म्हणाले, "लिव्हा नाव, पन अळी दाखवा." राहिला प्रश्न शिकवायचं कुणी. नुसती नावं लिहून भागणार नव्हतं. साहेबाने पाटी पुढे केली तर? बाजारात जाऊन गाडीवानांना मुळाक्षरं शिकवायला कुणीही शिक्षक तयार होईना.

"मग तू," मास्तर मला म्हणाले.

"मी! मास्तर, माझी चौथी..."

"त्यांना पहिली शिकवायची आहे. तुझ्याजवळ तीन इयत्ता शिल्लक आहेत."

तर असा माझा वर्ग भरला. लिंबाखाली, कापसाच्या गाड्यांच्या मधोमध, बाजूला रवंथ करणारे बैल. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याला नातवंडं होती. कुणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारली तर मी वळून मागे पाहिलं, की काळे मास्तर आले की काय. पाट्या पुरेनात, मग गाड्यांच्या फळ्यांवर खडूने लिहायचं. गंगामावशी टोपली घेऊन तिथेच बसायची. तिसऱ्या अक्षराला ती उठून आली. "मले बी लिव्हा पटावर. अळी वांग्यात बी राह्यते."

अगदी सुरुवातीलाच 'अ अननसाचा' म्हणालो तर पाटलांनी हात वर केला. "अननस म्हंजे काय?" मी सांगितलं. "कोनी पाह्यला इथं?" कुणीच नाही. "मंग न पाह्यलेलं कायले शिकवता? अ अळीचा करा." झालं! अ अळीचा, ब बोंडाचा, स सरकीचा. अशी भराभर अक्षरं चालली की मलाच दम लागला. आणि शिस्त कशी! शाळेत असंच करतात हे पोरांकडून कळल्यामुळे मिशीवाले बाप्ये बाहेर जायचं असलं की करंगळी वर करून उभे राहायचे. मधूनच कुणीतरी उठायचा, "मास्तर, माह्या गाडीचा नंबर लागून राह्यला, जाऊ का?" मी म्हणायचो, जा. तो कापूस विकून धावत परत यायचा आणि विचारायचा, "ब झाला काय?"

माझ्या बोलण्याचीही त्यांनी यथेच्छ टर उडवली.

"मास्तर, तुमी 'मला' म्हनता. घरी बी तसंच काय?"

"घरी 'माका' म्हणतो."

हसून हसून एकजण गाडीच्या जुवाला लटकला. "आमचं मले, पुस्तकाचं मला, मास्तरचं माका! मास्तरनं तं तिसरंच काहाडलं गा!" मीही हसलो. ताप उतरल्यापासून इतका मोकळा हसलो नव्हतो. रात्र पडली की मात्र पुन्हा तीच धास्ती. दातारसाहेब येणार.

आणि ते आले. रहीमभाईंच्या मोटारीतून, कोटावर धुळीचा थर, नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. किरकोळ अंगाचे, शांत. माणूस ओरडला तर बरं असतं, आपणही घाबरून मोकळे होतो. हे ओरडणारे नव्हते. सभागृहात पोरं बाकांवर आणि पहिलीचा वर्ग, लहान इयत्ता म्हणून, सर्वांत पुढे सतरंजीवर. त्यामुळे मागून एकच गिल्ला, "फेटे काहाडा! दिसत नाही!"

"फेटा काहाडला तं मी कोन हे कसं समजन?" पाटलांनी वळूनही न बघता विचारलं.

दातारसाहेब सतरंजीसमोर उभे राहिले. "हे विद्यार्थी?"

"पहिलीचे," काळे मास्तर म्हणाले.

साहेब पाटलांकडे वळले. "आपलं वय काय?"

"शाळेत घेताना कोनी इचारलं नाई. आता काहून?"

साहेबांनी फळ्याकडे बोट केलं. पाटील उठले, फेटा सारखा केला आणि लिहिलं, 'अळी'. ळ-ला त्यांनी असा वळसा दिला की अख्खा फळा भरला. साहेबांनी मान हलवली, "ठीक." मग ते एकेकाला पटावर ताडून पाहू लागले. सगळे जुळले. गंगामावशीने तर उलटतपासणीच केली, "साहेब, वांग्यातल्या अळीची फिल्म कवा आनता?" साहेबांनी तेही टिपून घेतलं! माझा जीव हळूहळू जागेवर यायला लागला. बॅटरी जोडली, पट्टी अडकवली, दांड्यावर हात ठेवला.

साहेबांची पेन्सिल माझ्याकडे वळली. "आणि हे कोण?"

"यंत्र चालवतो," मी म्हणालो.

"ते दिसतं आहे. यंत्र चालवताना फिल्म बघणार ना?"

"बघावी लागते साहेब, नाहीतर पट्टी..."

"बघणारा विद्यार्थी असावा किंवा शिक्षक. आपण यातले कोण?"

इतक्या जणांना पटावर बसवलं आणि नियमाबाहेर राहिलेला एकच माणूस होता, मी!

"शिक्षक," काळे मास्तर घाईघाईने म्हणाले. "प्रौढ वर्गाचे."

"कुठली परीक्षा?"

मी खाली मान घातली. "चौथी."

"मग शिक्षक म्हणता येत नाही."

तेवढ्यात पाटील उसळून उभे राहिले. "कसं नाई म्हनता येत? आमाले यानंच शिकोलं! हा मास्तर नसन तं आमी बी इद्यार्थी नाई!"

"पाटील, बसा!" काळे मास्तरांचा आवाज चिरकला. पाटलांनी एका दमात आमचा सगळा डावच उधळला होता. "पाटील, पाया पडतो, बसा!"

दातारसाहेबांनी शांतपणे पिशवी उचलली. "खेळ होऊ शकत नाही. मी निघतो."

दाराबाहेर उभे असलेले रहीमभाई म्हणाले, "निकलोगे कैसे साहब? गाडी की बॅटरी तो इस मशीन में लगी है."

पोरं फिदीफिदी हसली. साहेब क्षणभर पिशवी धरून उभे राहिले आणि मग, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे, खुर्चीवर बसले.

गंगामावशी सतरंजीवरून म्हणाली, "मास्तर नाई म्हनता तं नका म्हनू. पोट्टं तं हाय ना? घाला त्याले शाळेत."

काळे मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे. ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं ते हेडमास्तर उठले, खाकरले आणि म्हणाले, "चौथी झालेली आहे. पाचवीत बसेल." मिसरूड फुटलेला मी पाचवीत!

"आत्ता?" साहेबांनी विचारलं. "माझ्यासमोर?"

"आपल्यासमोर."

साहेबांनी जरा विचार केला. "अटीत बसतं."

हेडमास्तर विचारू लागले, मी सांगू लागलो. नाव. गाव. मागची शाळा. शाळेचा तो वास, शाई आणि खडूचा, मी इथे इतके दिवस रोज घेत होतो, पण आपल्यासाठी म्हणून नव्हे.

"पालक?" हेडमास्तरांनी विचारलं.

इथे मी अडकलो. वडील नव्हते. मामा तिकडे समुद्राकाठी, मी जिवंत आहे की नाही हेही त्याला माहीत नसावं. "पालक..." एवढंच म्हणून मी थांबलो.

"किसन पाटील, किन्हीराजा. लिव्हा," पाटील म्हणाले.

"माहं बी लिव्हा!" मागून दुसरा.

"तुह्यं काहून? मले 'ब' यानं आंधी शिकोला, माहं लिव्हा!"

बघता बघता अर्धी पहिली उभी. जो तो आपलं नाव सांगतोय. दाराबाहेरून रहीमभाईंनीही हात वर केला. मला हसू येत होतं आणि पुढचं काही दिसत नव्हतं, दोन्ही एकदमच.

"पालक एकच असतो," दातारसाहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"सरका," गंगामावशी उठली. पदर खोचत टेबलाशी आली. "जेवाले कोनाकडं येते थो? ताप आला तं काढा कोन देते? सरका म्हनलं ना पाटील!" तिने हेडमास्तरांच्या हातून टाक घेतला. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे आली, ती तिने कोपराने बाजूला सारली. जीभ दातांत धरली, आणि जन्मात पहिल्यांदा कागदावर, खडूने नव्हे, शाईने, ओळीच्या वर चढत खाली उतरत, तिने 'गंगा' लिहिलं. सबंध सभागृह वाकून बघत होतं.

"पहिलीतली विद्यार्थिनी पाचवीतल्या विद्यार्थ्याची पालक होऊ शकते का?" काळे मास्तरांनी भीत भीत विचारलं.

दातारसाहेबांनी डब्याचं झाकण उचललं. आतल्या अटी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचल्या. साहेबांनी झाकण लावलं.

"मनाई नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची पडद्याकडे वळवून बसले.

"मंग आता उभा काहून?" गंगामावशी माझ्यावर खेकसली. "फिरव थो दांडा. अन् उद्या शाळा बुडोली तं तंगडं मोडीन."